झुलाल आप्पांचे दोन कॅमेरे

धुळ्यात चौथ्या गल्लीच्या तोंडाशी झुलाल आप्पांचा फोटो स्टुडिओ होता. दुकान जेमतेम दोन खणांचं. पुढे काउंटर, मागे पडदा आणि बाकडं, त्याच्याही मागे जिन्याखालची जागा अडवून केलेली डार्करूम. पाटीवरची अक्षरं पुसट झाली होती, पण नवी रंगवायची गरज आप्पांना कधी पडली नाही. साक्री, शिंदखेडा, शिरपूर या बाजूला ज्या घरात लग्नाची मुलगी असेल, त्या घराला हे दुकान बरोबर सापडायचं. स्थळासाठी पाठवायचा फोटो आप्पांकडेच काढायचा, असं बायका एकमेकींना सांगत.

याचं कारण आप्पांची पेन्सिल. निगेटिव्ह उतरत्या काचेवर ठेवायची, आरशाने खालून उजेड घ्यायचा, वरून औषधाचा हलका हात फिरवायचा आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीने चेहऱ्यावर काम करायचं. चेहऱ्यावरचा काळा डाग निगेटिव्हवर काचेसारखा पारदर्शक दिसतो. तिथे शिशाचे चार कण बसले की कागदावरचा डाग नाहीसा. मुरुमं, वांग, डोळ्यांखालची वर्तुळं, सगळं आप्पा असं सफाईने घालवत की मुलीच्या आईलाही आपली मुलगी आधीपासून अशीच होती असं वाटे.

हे काम ज्या कॅमेऱ्याच्या जोरावर चाले, तो घडीचा जर्मन कॅमेरा आप्पांनी जळगावच्या एका म्हाताऱ्या फोटोग्राफरकडून जुना घेतला होता. उघडला की भात्यासारखं तोंड बाहेर येई, मिटला की कोटाच्या खिशात मावे. एका रोलवर बाराच फोटो निघत, म्हणून घरात त्याचं नाव बारावाला. पण त्याची एकेक निगेटिव्ह दोन काडेपेट्या शेजारीशेजारी ठेवाव्यात एवढी ऐसपैस. पेन्सिल फिरवायला जागाच जागा.

आप्पांची मुलगी कमल. चार वर्षांची असताना तिला देवी आल्या होत्या. पोर वाचली, वण राहिले. दोन्ही गालांवर, कपाळावर, नाकाच्या शेंड्यापर्यंत. आता बावीस वर्षांची झाली होती. मॅट्रिकनंतर तिने डार्करूम हातात घेतली आणि आप्पांच्या हातून जे कागद काळे पडत ते पडायचे थांबले. आल्यागेल्याशी बोलण्यात तर ती कोणाला हार जात नसे.

तिचा स्थळाचा फोटो आप्पांनी स्वतः काढला होता आणि तीन संध्याकाळी बसून त्याच्यावर पेन्सिल चालवली होती. फोटो शिरपूरला गेला आणि आठवड्यात माणसं दारात. कमलने पाणी दिलं, पोहे दिले. मुलाच्या आत्याने बशी खाली ठेवून इकडेतिकडे पाहिलं.

"हाई फोटोवाली पोर कोठे शे? तिले बलावा ना."

कमलच म्हणाली, "ती दुकानात असते, आत्या. घरी येत नाही."

माणसं चहा न घेता उठली.

आप्पांना वाटलं, आपला हात जरा जास्त चालला. पुढच्या फोटोत त्यांनी गालावर दोन वण मुद्दाम राहू दिले. ते स्थळ अमळनेरचं होतं. आलेल्यांनी दोनाची तयारी केलेली, त्यामुळे बाकीचे वण ते मोजतच बसले. यानंतर कमल एकदा जेवताना म्हणाली, "आप्पा, तुम्ही फोटोतलीचंच लग्न लावून टाका. मी राहते इथे, डार्करूमला माणूस लागतंच." तिने हसत म्हटलं, पण ताटातली भाकरी तशीच ठेवून उठली. त्या दिवसापासून आप्पांच्या डोक्यात दुसरा विषय राहिला नाही. आपण गेल्यावर या पोरीचं कोण?

एकोणनव्वद सालच्या उन्हाळ्यात निंबाभाऊ नवा कॅमेरा घेऊन दुकानात आला. निंबाभाऊ आप्पांचा लहानपणापासूनचा दोस्त. बाजारात रेडिओ आणि पंख्यांचं दुकान, आणि फावल्या वेळात सोयरिकी जमवायचा नाद. कॅमेरा त्याच्या साडूने सुरतेहून पाठवला होता. साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा, काळा, चकचकीत. एका रोलवर छत्तीस फोटो.

"झुलाल, तुझा बारावाला आता पेटीत ठेव. हा बठ्ठं आपोआप करस," निंबाभाऊ म्हणाला.

"आपोआप पैसे खाईल," आप्पा म्हणाले. "निगेटिव्ह केवढी असते माहीत आहे का? टपालाच्या तिकिटाएवढी. त्यात तुझं पोट मावेल का, याचीच मला शंका आहे."

पण आप्पा न्यायाचा माणूस. न पाहता नावं ठेवणं त्यांना पटत नसे. रंगीत रोल बाहेर धुवायला पाठवावा लागला असता, म्हणून त्यांनी छत्तीसवाल्यातही काळापांढराच रोल भरला. निंबाभाऊला दुकानासमोरच्या कडुनिंबाखाली उभं केलं आणि एकाच जागेवरून, एकाच उन्हात, दोन्ही कॅमेऱ्यांनी फोटो काढले. दोन्हींचे दोन दोन कागद केले, एक पोस्टकार्डाएवढा आणि एक भिंतीवर लावायच्या मापाचा. चारही काउंटरवर मांडले.

मोठ्या मापात फरक आंधळ्यालाही कळला असता. बारावाल्यात निंबाभाऊच्या बटणातला दोरा दिसत होता. छत्तीसवाल्यात त्याच्या तोंडाचा रवा झाला होता.

"आता बोल," आप्पा म्हणाले.

"बोलस ना. हाऊ बारावाला देख. कोर्टाच्या पायरीवर जामिनासाठी उभा असल्यासारखा दिसतोय मी. आणि यात देख, माणूस वाटतो."

ते खरंच होतं. बारा फोटोंत एकही वाया घालवायचा नाही म्हणून आप्पा 'हलू नका, श्वास धरा' असं बजावत, आणि समोरचा माणूस लाकडाचा होई. छत्तीस असल्यावर कोण बजावतो? आप्पा बोलता बोलता खटके दाबत गेले होते आणि निंबाभाऊ साडूच्या गमती सांगत होता. पोस्टकार्डाच्या मापात तर चेहऱ्याची सफाई दोन्हींत सारखीच. आप्पांनी निकाल दिला: "मोठा फोटो करायचा तर बारावाला. हातात धरायचा, पाकिटात घालायचा, तर छत्तीसवाला चालेल. फक्त त्याच्या निगेटिव्हवर पेन्सिल चालणार नाही. चेहरा मसुराच्या डाळीएवढा, टोक टेकवायचं कुठे?"

कमल कागद पुसत उभी होती. ऐकलं तिने सगळं.

दोन आठवड्यांनी निंबाभाऊने पारोळ्याचं स्थळ आणलं. चुडामण नानांचा मुलगा आधार, जळगावला पाइपच्या कारखान्यात नोकरीला. माणसं साधी होती, आणि फोटो मागितला होता.

आप्पांनी बारावाला पुसायला घेतला. कमल म्हणाली, "त्याने नको. छत्तीसवाल्याने काढा."

"अगं, त्यात मला काही करता येत नाही."

"म्हणून तर."

"फोटो पाहूनच नाही म्हणतील ते."

"म्हणू देत ना. पारोळ्यात बसून म्हणतील. माझ्या हातचे पोहे खाऊन माझ्या तोंडावर तर म्हणणार नाहीत."

आप्पांनी आशेने बायकोकडे पाहिलं. धुरपदाबाई दारात तांदूळ निवडत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "पोर वाचनी तव्हय गल्लीमा गूळ वाटा व्हता तुम्हीन. त्या वणांसकटच वाचनी ना ती?"

छत्तीसवाला आप्पांनी निंबाभाऊकडून मागून आणला आणि दोन दिवस जवळ ठेवला. कमल ओढणी कमरेला बांधून डार्करूमच्या दारात ओले फोटो दोरीला लावत असताना बाजूच्या खिडकीतून उजेड येत होता. धुरपदाबाई म्हणाली, "स्थळना फोटो शे माय, डोक्यावरून कंगवा तरी फिरव." कमल दातात चिमटा धरूनच तिच्याकडे वळून हसली, आणि आप्पांनी खटका दाबला. असे बरेच दाबले.

निगेटिव्ह धुऊन झाल्यावर मात्र त्यांना राहवेना. कमल बाजारात गेल्याचं पाहून त्यांनी एक पट्टी काचेवर ठेवली, भिंग लावलं आणि एका गालावर अगदी हळू टोक टेकवलं. एकदाच. मोठा केल्यावर कागदावर कमलच्या गालावर पांढरा धब्बा उमटला होता, बोटाने चुना फासावा तसा.

तो कागद कमलच्या हाती लागलाच. "आप्पा," ती म्हणाली, "पोरीला चुना कोणी लावला?"

आप्पा टेबलाचा खण उघडून त्यात काहीतरी शोधू लागले. कमलने उरलेल्या पट्ट्यांतून चिमटावालाच फोटो निवडला, त्याचा पोस्टकार्डाएवढा कागद स्वतः केला आणि निंबाभाऊच्या हाती दिला. बाजूच्या उजेडाने गालावरचा वण न् वण त्यात उठून आला होता.

पारोळा एसटीने तासाभराच्या रस्त्यावर, पण निरोप यायला दिवस लागले. आप्पांनी मनात स्थळ सोडून दिलं. कामात लक्ष नव्हतं. एका मामलेदाराचा फोटो त्यांनी डोक्यावरची टोपी कापून काढला आणि तो माणूस भांडून गेला. कमल मात्र नेहमीसारखी काम करत होती, फक्त दारात एसटीतून उतरलेली माणसं दिसली की तिचे हात थांबत. ते आप्पांना दिसत होतं.

मग एका सकाळी निंबाभाऊ पुढे, त्याच्यामागे चुडामण नाना, त्यांची बायको ताईबाई आणि आधार, अशी मंडळी घरी आली. कमल पाणी घेऊन आली. ताईबाईंनी कमरेच्या पिशवीतून रुमाल काढला, रुमालातून फोटो काढला. एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा कमलकडे. परत फोटोकडे. आप्पा दाराच्या चौकटीला धरून उभे होते.

ताईबाईंनी फोटो मांडीवर ठेवला. "फोटोमा शे तशीच शे," त्या म्हणाल्या, आणि पाण्याचा पेला उचलला.

"म्हणजे?" निंबाभाऊने विचारलं.

"म्हणजे काय? आम्ही दोन ठिकाणी फोटो देखीसन गऊत. दोन्हीकडे पोर दुसरीच. एक फोटो तर आठलाच, धुळानाच व्हता. कोन फोटोग्राफर शे देव जाने, पोरीस्ना चेहरा धुई टाकस."

निंबाभाऊला एकदम चहाची आठवण झाली आणि तो आत गेला. आप्पांना खोकला आला. कमलने ओठ घट्ट मिटून जमिनीकडे पाहिलं.

आधार पहिल्यांदाच बोलला. "फोटोत तुम्ही कशाला हसत होता?"

"माय म्हणत होती, कंगवा फिरव."

"मग फिरवला का?"

"नाही."

"बरं केलं," आधार म्हणाला, आणि चुडामण नाना मुलाकडे पाहतच राहिले. मुलगा अनोळखी घरात एवढं बोललेला त्यांनी पाहिला नव्हता.

कमलनेही विचारून घेतलं. "मी डार्करूमचं काम करते. जळगावला करायचं असलं तर?"

"जळगावमा स्टुडिओ कमी शेतस का?" ताईबाई म्हणाल्या. "घरमा बशीसन काय करशी?"

सुपारी त्याच बैठकीत फुटली. उठायच्या वेळी ताईबाईंनी तो फोटो आप्पांपुढे धरला. "व्याहीबुवा, याचा मोठा करी द्या. भिंतवर लावसू."

आप्पा लगेच हो म्हणू शकले असते. पण एवढं खरं बोलणं झाल्यावर त्यांना खोटं उचलवेना. "ताई, हा छोट्या कॅमेऱ्याचा आहे. मोठा केला तर रवा पडेल. दुसरा कॅमेरा आहे माझ्याकडे. आत्ता काढतो, तुमचा आणि कमलचा."

"काढा. पन जसं शे तसं येऊ द्या."

ताईबाईंना सगळं उमगलं होतं का, हे आप्पांना शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनी दोघींना ओट्यावर बसवलं. नेहमीचं बजावणं तोंडात आलं होतं, ते गिळलं. ताईबाई कमलच्या कानात काहीतरी सांगत होत्या, तेवढ्यात फोटो झाला.

दुसऱ्या दिवशी लाल दिव्याखाली आप्पांनी मोठा कागद औषधात बुडवला. आधी केसांचा काळा भाग आला, मग डोळे, मग गाल. मोठ्या निगेटिव्हने काहीच लपवलं नव्हतं. ताईबाईंच्या हातावरचं गोंदण, कमलचा उडालेला केस, आणि वण, एकेक, आपापल्या जागी. एवढी वर्षं आप्पांनी या पोरीचे फोटो काढले, पण तिचा फोटो त्यांनी आज पाहिला. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ओलेच हात जोडले. देवीला, पारोळ्याच्या त्या बाईला, की निंबाभाऊच्या साडूला, त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्यांनी धुरपदाबाईला हाक मारली. एवढ्या संसारात ती कधी डार्करूममध्ये आली नव्हती. कमलने तिचा हात धरून अंधारात आणलं. कागद पाण्यात हलत होता. धुरपदाबाईने वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"हाई मन्ही कमल," ती म्हणाली.