राजकुमार सर तोंडाकडे बघतात

माझा स्वभाव संशयी आहे आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही. बी.एड. कॉलेजात एवढी वर्षं काढलेल्या बाईनं भाबडं राहून चालत नाही. इथं जो तो गोड बोलतो आणि जो तो काहीतरी लपवतो. मी दमयंती, मानसशास्त्र शिकवते. मुलींच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीची अध्यक्षही मीच. त्यामुळे राजकुमार सरांवर माझी नजर होतीच.

हा माणूस फोनेटिक्स शिकवायचा, म्हणजे इंग्रजीचे उच्चार. सिल्लोड, कन्नड, पैठणहून आलेली पोरं उद्या कुठल्यातरी शाळेत इंग्रजी शिकवणार, तर त्यांची जीभ कुठं टेकायला हवी, ओठ किती मिटायला हवेत, हे घोटून घेणं त्याचं काम. काम चोख, त्यात खोट काढता येत नव्हती. पण वागणं मात्र विचित्र. स्टाफरूममध्ये नेहमी एकच खुर्ची धरणार, समोरच्याच्या तोंडावर खिडकीचा उजेड पडेल अशी. फोन वाजला तर घेणार नाही, "मेसेज टाका" म्हणणार. विनोदाला सगळे हसून झाले की मग हा हसणार. आतल्या गाठीचा माणूस, असं मी मनात कधीच ठरवून टाकलं होतं.

कॉलेजात भाषेची प्रयोगशाळा आहे. टेबलाटेबलावर हेडफोन, पुढं सरांसाठी मोठं यंत्र. बटण दाबलं की हव्या त्या पोराचं बोलणं ऐकता येतं. राजकुमार सरांनी त्या यंत्राला कधी हात लावला नाही. ते पोरांना जुन्या पेपरच्या पट्ट्या कापून आणायला सांगायचे. पट्टी ओठांसमोर धरायची आणि 'पेन' म्हणायचं. पट्टी उडाली तर उच्चार इंग्रजी, जागची हलली नाही तर आपला मराठी. मग हातात आरसा, मग आवाज घुमतो का बघायला स्वतःच्याच गळ्यावर बोट. सगळा वर्ग पट्ट्यांवर फुंकरा मारतोय आणि सर बाकांमधून वाकून एकेकाचं तोंड बघत फिरतायत. दारावरून जाताना मी हे बघायची आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकायची.

आणि एक दिवस सरिता आली. सिल्लोडची पोर, पुंडलिकनगरात खोली घेऊन राहणारी, हुशार. जालना रोडच्या धुळीला वैतागून गाडीवर स्कार्फ बांधणारी आणि मग वर्गातही तो तसाच ठेवणारी. दार लावून घेतलं आणि उभ्याउभ्याच बोलायला लागली.

"मॅडम, राजकुमार सर मला रोज स्कार्फ सोडायला लावतेत. मग तोंडाकडंच बघत राहतेत. गळ्याकडं बी. मला लई घाण वाटतं."

"अंगाला हात लावला?"

"नाय. खोटं कशाला बोलू? हात कधीच लावला नाय. पण बघतेत, मॅडम. दुसरं कुणी असं बघत नाय."

तिचे शब्द पक्के होते. अशी पोर खोटं बोलत नाही. मी तिला पाणी दिलं आणि मनातल्या मनात राजकुमार सरांना फाडून खाल्लं.

प्राचार्य अप्पाराव सरांकडे गेले तर ते ऐकायच्या आधीच निकाल देऊन मोकळे. "मॅडम, चौकशी-बिकशी कशाला वाढवता? तासिका तत्त्वावरचा माणूस. जूनमध्ये नेमणूक द्यायची नाही, विषय संपला. तशीही ती मंडळी..." पुढचं त्यांनी गिळलं, पण मला कळलं. राजकुमार सर करमाडच्या बौद्ध वस्तीतले. आता माझा संशय दोन्हीकडं धावायला लागला. पोरीची तक्रार एका बाजूला आणि ती मिळाल्यावर या साहेबांना झालेला आनंद दुसऱ्या बाजूला. मी म्हटलं, चौकशी होणार आणि रीतसर होणार.

मग मी त्यांची माहिती काढली. वडील रामकिसन शेतमजुरी करायचे. आई चंपाबाईनं पोराला शिकवायचं असा हट्टच धरला होता. दिवसा विद्यापीठात एम.ए. आणि पाळीपाळीनं शेंद्र्याच्या एका कारखान्यात प्रेसवर काम. पत्रा कापणारी यंत्रं, पाळीभर धाड धाड. तिथून सेट पास झाला, इथं लागला, आणि तेव्हापासून दर जूनला नव्यानं मुलाखत देतो. बायको शिवणकाम करते. वाईट काहीच सापडेना. आणि ज्याच्याबद्दल वाईट काहीच सापडत नाही त्याच्याबद्दल तर मला जास्तच शंका येते.

शेवटी त्यांच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसले. बसायला परवानगी लागत नाही, अध्यक्ष आहे मी.

सर बघत होते, हे खरं. पोरींच्या तोंडाकडं बघत होते, गळ्याकडं बघत होते. पण अतुल नावाच्या दांडग्या पोरासमोरही तेवढंच वाकले. म्हणाले, "अतुल, मिशी कातर म्हणून किती वेळा सांगितलं? वरचा ओठ झाकला जातो."

वर्ग हसला. मी हसले नाही. मिशीचा आणि इंग्रजीचा काय संबंध? पोरींकडं वाईट नजरेनं बघणारा माणूस पोरांच्या मिशीवर कशाला उठेल?

तेवढ्यात कुणाच्यातरी मनगटावरचं घड्याळ वाजायला लागलं. बारीक, टोचणारा आवाज. सगळ्या माना वळल्या. ज्याचं होतं तो घाबरून बटण शोधत होता. सर मात्र फळ्याजवळ उभे, चेहऱ्यावर रेषसुद्धा हलली नाही. माना का वळल्या तेच त्यांना कळेना. त्यांनी एकदा दाराकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडंच बघत होते. त्यांच्या हातातला खडू खाली आला.

तास सुटल्यावर ते व्हरांड्यात माझी वाट बघत थांबले होते. मी तोंडासमोर फाईल धरली आणि म्हटलं, "सर, किती वर्षं झाली?"

ते नुसते फाईलकडं बघत राहिले. मी फाईल खाली घेतली आणि विचारलं, "ऐकू येत नाही ना?"

"व्हय मॅडम," ते हळू म्हणाले. "आवाज येतो. पण स, श, फ असले बारीक आवाज गेले. प्रेसनं खाल्ले. डॉक्टर म्हणाले, परत येणार नाहीत."

"मशीन लावा ना कानाला."

"मशीन लावून उच्चार शिकवायला उभा राहिलो तर जूनमध्ये कोण घेईल मला?" त्यांनी आजूबाजूला बघितलं. "मॅडम, गैरसमज झाला एवढंच लिहा. बाकी काय लिहू नका. पाया पडतो."

मला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून रागही आला. "गैरसमज लिहिला तर ती पोर खोटी ठरते," मी म्हटलं. "कारण न सांगता तुम्हाला सोडलं तर कॉलेजभर तिलाच बोट दाखवतील. ते मी होऊ देणार नाही."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मी न बघितल्यासारखं केलं.

चौकशीच्या दिवशी अप्पाराव सर मुद्दाम येऊन बसले होते, जणू लग्नाला आलेत. सरिता आली, स्कार्फ बांधूनच. तिनं सगळं पुन्हा सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडं न करता. मी राजकुमार सरांना विचारलं, यावर तुमचं म्हणणं काय?

ते उभे राहिले. "सरिता बोलली ते खरं आहे. मी बघतो. पोरींच्या, पोरांच्या, सगळ्यांच्या तोंडाकडं बघतो. मला नीट ऐकू येत नाही. पट्टी, आरसा, गळ्यावरचं बोट, ते सगळं त्यासाठीच. आत्तासुद्धा ती काय म्हणाली ते स्कार्फमुळं मला अर्धंच कळलं. पण तिनं खोटं सांगितलं नसणार."

 मला वाटलं होतं, सरिता रडेल. ती भडकली.

"मग आधी सांगायला काय झालं होतं, सर? मी रोज रात्री खोलीवर जाऊन काय काय विचार केला असेल! सांगितलं असतं तर मी सोताहून स्कार्फ सोडला असता!"

ती रागानं बोलत होती आणि सर तिच्या डोळ्यांवरून अंदाज बांधत होते. मीच त्यांना तिचं बोलणं पुन्हा सांगितलं.

"सांगितलं असतं तर तुम्हाला शिकवायला इथं नसतो," ते म्हणाले. "पण तुझं बरोबर आहे. माझी भाकरी वाचवायला मी तुला भीतीत ठेवलं."

सरिताचा राग ओसरला. "मॅडम, माझी तक्रार मागं घेते," ती म्हणाली.

"नको घेऊस," माझ्या आधी सर बोलले. हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. "तू उद्या शाळेत बाई होशील. एखादी पोरगी तुझ्याकडं असंच सांगायला येईल. तिला मागं घ्यायला लावू नको."

अप्पाराव सरांनी घसा साफ केला. राजकुमार सरांच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं, खांद्यावर हातही ठेवला. कॉलेज तुमच्या पाठीशी आहे म्हणाले. त्या हाताकडं बघूनच मी ओळखलं की या माणसाचं इथलं अन्न संपलं. मी अहवालात लिहिलं की सर निर्दोष, सरिता खरी, आणि सरांना कानाचं यंत्र लावून शिकवू द्यावं. अहवालाची पोच मिळाली, बाकी काही मिळालं नाही.

जूनच्या मुलाखतीला त्यांना बोलावलंच नाही. सरितानं आणि अतुलनं सगळ्या वर्गाच्या सह्यांचा अर्ज दिला. अप्पाराव सरांनी तो हसतमुखानं घेतला.

आता फोनेटिक्सला नवे सर आहेत. मी त्यांच्याही तासाला जाऊन बसले. पोरं हेडफोन घालून रांगेत बसलेली, सर पुढं यंत्राशी, एकामागून एक बटणं दाबतायत. त्यांचे कान उत्तम आहेत. तास संपेपर्यंत त्यांनी एकाही पोराच्या तोंडाकडं बघितलं नाही.