वसंताचा निळा खडा

माझा मित्र वसंता जहाजावर खलाशी होता; तिथेच तापाने गेला. तार आली तेव्हा मी वर्गात खनिजे शिकवत होतो. तास पुरा करून घरी गेलो.

पावसाळा सरून बोटी सुरू झाल्यावर मालवणला निघालो. त्याच्या आईचा, काकींचा, निरोप होता : ‘भिंग घेऊन ये.’ शेवटच्या रजेत त्याने जर्मनीतल्या बंदरातून एक निळा खडा आणला होता. डेकवर मला एका जागी बसवेना. किनाऱ्यावर जायला पडावात उतरताना लाटेने बूट भिजले, भिंग वाचले.

काकींनी पेज (मऊ भात) वाढली आणि देव्हाऱ्यातला खडा माझ्यापुढे ठेवला.

“सोनार म्हणता, नीलम आसा. नीलम सगळ्यांक सोसणा नाय. ह्या खड्यान माझो झिल (मुलगा) नेल्यान काय रे?”

मी उठलो, खिडकीपर्यंत जाऊन परत आलो.

“दर शनवारी खड्याक न्हाऊक घालतंय. बारीक होत चाललो हा. शनीचो कोप उतरता असात.”

“बारीक होतो?”

“ह्या त्या न्हाणाचा तीर्थ घे, आजचाच आसा.”

मी घेतले. खारट.

“विहीर खारी आहे का?”

“बाव (विहीर) खारीच. समुद्राकडे सगळाच खारट लागता.”

मी पाण्याचा तांब्या उचलून प्यायलो. पाणी मचूळ होते, पण तीर्थाइतके खारे नव्हते. मग चाकूचे टोक खड्यावर टेकवले. नीलमावर ओरखडा उठत नाही, इथे उठला. कोपऱ्याचा कण तुटला, भिंगाखाली चौकोनी दिसला. जिभेवर ठेवला.

“काकी, हे मीठ आहे. खाणीतले. असे निळे क्वचित सापडते. नीलम नाही.”

“मीठ?”

“मीठच. त्याने कुणाला नेले नाही.”

कोरडे ठेवले तर संग्रहालय चांगले पैसे देईल, असे मी सांगू लागलो.

“मेल्यान आईक मीठ आणल्यान,” त्या म्हणाल्या, “आणि मी शनीक न्हाऊक घालतंय.”

त्यांनी चाकू मागून घेतला, एक कपची काढली, चुरून दोघांच्या पेजेत टाकली. “जेव. थंड होता.”

निघताना उरलेला खडा त्यांनी माझ्या हातात दिला. “हंय दमटेत रवाचो (टिकायचा) नाय.”

परतीच्या बोटीत मी तो सारखा चाचपत होतो. वसंताचा इतका जवळचा मित्र असूनही त्याने हा खडा कुणासाठी आणला, आईसाठी की माझ्यासाठी, ते मी कधी विचारले नव्हते.

काकी आता नाहीत. खडा माझ्या टेबलावर बूच लावलेल्या बाटलीत आहे, सुपारीएवढा.