तारेवरचं आणि खोलीतलं

आमच्या आत्याला फोन उचलू द्यायचा नाही, हा घरातला नियम होता. कारण ती निरोप देत नसे.

"फोन आला होता," एवढंच ती सांगायची.

"कोणाचा?"

"ते सांगता येत नाही."

"अहो वन्सं, निदान माझ्या माहेरचा होता का ते तरी सांगा!" आई रडकुंडीला यायची. आत्या भाजी निवडत राहायची. बाबांना एकदा मुलाखतीला बोलावल्याचा फोन आला, तेव्हा तिने मुकाट्याने त्यांचे बूट पॉलिश करून दारात ठेवले. बाबांना वाटलं, बहिणीची माया. नोकरी गेली दुसऱ्याला.

युद्धाच्या काळात आत्या लष्कराच्या टेलिफोन एक्स्चेंजवर होती. तळघरातली एक खोली, पाच-सहा मुली आणि रुजू होतानाच घेतलेली गुप्ततेची शपथ. युद्ध संपलं, मुली घरी गेल्या, खोलीत खताच्या गोण्या आल्या. शपथ मात्र कोणी मागे घेतली नाही. मग आत्याने त्या खोलीबद्दल अवाक्षर काढलं नाही, आणि वर घरच्या फोनलाही तोच कायदा लावला.

पुढे शहरात देशासाठी राबलेल्यांच्या आठवणींचं संग्रहालय झालं. आत्या ते बघून आली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासायला लागली.

"लष्कराच्या खेचरांवर अख्खी भिंत आहे," ती म्हणाली. "कुठलं खेचर लाथ मारायचं तेसुद्धा लिहिलंय. आमच्या खोलीची नुसती पाटी. खाली, माहिती उपलब्ध नाही."

"खेचरांनी शपथ घेतली नव्हती ना," आई म्हणाली.

बाकीच्या मुली एकेक करून वारल्या होत्या. आत्याही गेली, की ती पाटी कायमची.

संग्रहालयातली बाई रेकॉर्डर घेऊन घरी आली. आत्याने तिला चहा दिला, बिस्किटं दिली आणि प्रत्येक प्रश्नाला "ते सांगता येत नाही" दिलं.

"अहो, युद्ध संपून जमाना झाला!"

"मला तसं कोणी कळवलेलं नाही."

शेवटी त्या बाईने शोध काढला. शपथ देणाऱ्या मोठ्या बाई, म्हणजे आत्याच्या वरिष्ठ, एका वृद्धाश्रमात हयात होत्या. आत्या, ती बाई आणि मी, अशा आम्ही तिघी तिकडे गेलो. त्यांना बघताच आत्या खाडकन ताठ उभी राहिली. तिचे गुडघे सगळ्यांना ऐकू आले.

"यांना शपथेतून मोकळं करा," संग्रहालयवालीने विनंती केली.

मोठ्या बाईंनी आत्याला नखशिखांत न्याहाळलं. "शेवटच्या दिवशी तारेवर काय ऐकलंस?"

"ते सांगता येत नाही, बाई."

"मलासुद्धा?"

"तुम्हालासुद्धा."

"शाबास. शपथ कायम."

संग्रहालयवालीने कपाळावर हात मारून घेतला. आत्या जागची हलली नाही.

"पण बाई, आपल्या मुलींचं काय? त्या होत्या, हेच कोणाला कळणार नाही."

"मग सांग की! शपथ तारेवरच्या बोलण्याची होती. खोलीतल्या गोष्टी सांगायला कोणी मनाई केली होती? आणि इतकी वर्षं तोंड शिवून बसलीस? ढ ती ढच राहिलीस."

आत्या मटकन पलंगावर बसली आणि तिचं तोंड जे सुटलं! एकजण घोरायची, म्हणून तिला कायम दिवसपाळी. एक कागदाच्या पुडीत साखर चोरून न्यायची.

"ती नव्हे, मी न्यायचे," मोठ्या बाईंनी दुरुस्ती केली.

आणि लांबडी. तिला त्या तळघरात सरळ उभं राहता यायचं नाही, त्यामुळे ती सगळं युद्ध वाकून लढली.

"तिचं पुढे काय झालं?" संग्रहालयवालीने विचारलं.

आत्याचा आवाज खाली आला. "एकदा तिने लाइन जोडली, ऐकलं आणि हेडफोन काढून ठेवला."

"काय ऐकलं?"

"ते तारेवरचं."

"बरं. मग?"

"मग मी तिला पाणी दिलं. तिचा भाऊ आघाडीवर होता. हे खोलीतलं, हे सांगता येतं. पाणी प्यायली, हेडफोन परत चढवला. पाळी संपेपर्यंत तिची एकही लाइन चुकली नाही."

"एक चुकली," मोठ्या बाई म्हणाल्या.

"ती मी लगेच लावून दिली, बाई."

"माहीत आहे. म्हणून तर मी वर कळवलं नाही."