तुळसाच्या मळ्यातला दोन जातींचा मका

आचऱ्याची तुळसा दूध घेतानाही आधी बोट बुडवून बघायची. हापूस म्हणून घेतलेली कलमं सहा वर्षांनी रायवळ निघाली, तेव्हापासून तिचा कुणावर विश्वास राहिला नव्हता.

यंदा भात कापल्यावर तिने मळ्यात मका पेरला. बियाणं कुडाळच्या बाजारातून धाकटा दीर महादू घेऊन आला. जिथे उगवलं नाही, तिथे पंधरा दिवसांनी त्यानेच उरलेले दाणे टोचले.

महिन्याने तुळसाच्या मनात पाल चुकचुकली. आधीच्या रोपांची पानं चकचकीत, हात फिरवला तर लव लागणारी. मागाहून टोचलेल्यांची मात्र गुळगुळीत, निळसर, राख फासल्यासारखी. तिने पाणी शिंपडून पाहिलं. चकचकीत पानं भिजली. राखाडी पानांवरून थेंब अळवावरच्यासारखे घरंगळून गेले.

"महादू, खरां सांग. बरां बियाणां तुझ्या घराकडे ठेवलंस आणि माझ्या मळ्यात गुरांच्या चाऱ्याचा टोचलंस ना?"

"वयनी, एकाच पिशयेतला आसा गो!"

"मगे पानां दोन तऱ्हेची कशी?"

महादू वाकून एक राखाडी पान बोटांत चोळून बघू लागला. त्याची ती खाली गेलेली मान तुळसाला कबुलीच वाटली. तो कोयती उचलून गेला, तो पुन्हा आलाच नाही.

पुरावा हवा म्हणून तुळसाने एका राखाडी रोपाला लाल दोरा बांधला. रोज सकाळी ती त्याच्यापुढे उकिडवी बसायची. पाचवं पान राखाडीच आलं. सहावं विचित्र निघालं, थोडं राखाडी, थोडं चकचकीत. तिला वाटलं, महादूने येऊन रोपच बदललं. पण गाठ तिचीच होती. सातवं पान आलं ते लखलखीत, लव असलेलं.

तुळसा तशीच उठली आणि आधी पेरलेल्या एका मोठ्या रोपाच्या बुडाशी वाकली. तण बाजूला सारलं. खाली पिवळी पडत चाललेली चार पानं होती, निळसर, राख फासलेली. तिने दुसरं रोप पाहिलं, तिसरं पाहिलं. सगळी तशीच. लहानपणी एक पान, मोठेपणी दुसरं.

ती दोऱ्याचं रोप मुळासकट उपटून महादूच्या घरापुढच्या खळ्यात गेली.

"माझा चुकला रे. वरची पानां बघलंय, बुडाक वाकलंयच नाय."

महादूने रोपाकडे पाहिलंही नाही. "वयनी, माका तू चोर म्हटलंस."

तुळसा मान खाली घालून घरी आली.

कणसं भरली तशी वानरं उतरू लागली. एका दुपारी डबा बडवल्याचा आवाज ऐकून ती मळ्यात धावली. बांधावर महादू हातात डबा घेऊन घामाघूम उभा होता.

"तहान लागली, पाणी हाड गो," तो म्हणाला.