ग्रीनिचची वेळ आणि मंदाताईंचा कांदा

नाशिकच्या हवामानवेड्यांनो, आपल्याला धड अंदाज कोणी सांगत नाही, ही आपली जुनी तक्रार. आज मीच चुकीचा सांगितला.

दुपारी दीडला पाहिलेल्या उपग्रहाच्या चित्रात वरच्या हवेतल्या कमी दाबाचा भोवरा नाशिकवर होता. चित्रावर वेळ होती आठ. सकाळचं जुनं चित्र समजून मी ग्रुपवर ठोकून दिलं, "भोवरा केव्हाच पुढे गेला. निर्धास्त राहा!"

तासाभरात गारा पडल्या. सायखेड्याहून ग्रुपमधल्या शेतकरी मंदाताईंचा फोन आला. "भाऊ, तुमचं वाचून कांद्यावरची ताडपत्री काढली. लय भिजला. आता भोवऱ्यालाच सांगा वाळवून द्यायला."

ती वेळ ग्रीनिचची होती, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची. चित्र ताजंच होतं!

आपला अंदाज कोणीतरी शेतात उभं राहून वाचतं. यापुढे चित्र टाकण्याआधी त्यावर भारतीय वेळ लिहा.