अठ्ठ्याऐंशीचा रेबीन

मार्चमधल्या नवरोजच्या, म्हणजे नववर्षाच्या, आधीच्या आठवड्यात इराकमधल्या हलब्जा या कुर्दी गावच्या रेडिओवर सकाळी दोन याद्या वाचतात. आधी वाढदिवस, मग अठ्ठ्याऐंशी सालच्या विषारी गॅसच्या हल्ल्यात गेलेल्यांची नावं.

गेलावेझ दरवर्षी फोन करून मुलाचं नाव वाढदिवसांत घालायची. विमानं आली तेव्हा रेबीन तीन दिवसांचा होता. इराणकडे पळताना ट्रकमध्ये गॅसने तिला दिसेनासं झालं. "दे इकडे, मी धरते," कुणी बाई म्हणाली, आणि तिने दिला. पुढे डोळे बरे झाले, पण बाई सापडली नाही.

"लेकाला मुलगी बघितलीस का गं?" शेजारची खुंचे विचारायची.

"बघेन. पण लग्नाला तुला नाही बोलावणार, सगळा पुलाव एकटी संपवशील."

खुंचेची तिन्ही मुलं त्या दिवशी गेली. दर मार्चला गेलावेझ तिच्याकडे फातिहा, मृतांसाठीची प्रार्थना, म्हणायला जाई. पण रेबीनसाठी आपल्या घरी कुणी फातिहाला आलेलं तिने कधी चालवून घेतलं नव्हतं.

यंदा रेडिओवर नवी मुलगी होती. "काय लिहू, मावशी?"

"लिही, गेलावेझचा रेबीन. अठ्ठ्याऐंशीचा."

"बरं, मावशी," मुलगी एकदम हळू बोलली.

अठ्ठ्याऐंशीचा म्हटलं की त्या गावात कुणी जन्मसाल धरत नाही. दुसऱ्या दिवशी वाढदिवस संपले तरी रेबीन आला नाही. तो दुसऱ्या यादीत आला.

गेलावेझने तावातावाने फोन लावला. "अगं, जन्म सांगितला मी! जन्म!" मुलगी रडायलाच लागली. तेवढ्यात दार वाजलं. काळे कपडे घातलेल्या बायका आत आल्या, भिंतीला टेकून बसल्या. सगळ्यांत पुढे खुंचे.

"कुणासाठी आलात?" गेलावेझ कडाडली. "माझ्या घरात कुणी मेलेलं नाही."

बायकांनी खुंचेकडे पाहिलं. खुंचे म्हणाली, "माझ्या तिघांसाठी फातिहा म्हण मग. माझ्या घरी म्हणतेस, तशीच इथे म्हण."

याला नाही म्हणता येईना. गेलावेझ खाली बसली, तळवे वर केले. ओठ सवयीने हलत होते. प्रार्थना संपली, बायकांनी तोंडावरून हात फिरवले, डोक्यावरचे रुमाल सावरले. गेलावेझचे हात तसेच पसरलेले राहिले.

"झालं गं," खुंचे म्हणाली.

"थांबा," गेलावेझ म्हणाली. "अजून एकदा म्हणा. रेबीनसाठी."