कन्नड प्रतीअभावी

विषय: कुपोषित बालकांच्या वॉर्डातील किस्से सादर करणेबाबत.
संदर्भ: घरी ऐकायला कोणी नसणे.

उपरोक्त विषयान्वये, कर्नाटकातल्या सीमाभागातील तालुका दवाखान्यातून कारकून म्हणून निवृत्त होताना मी फायली, शिक्के, किल्ल्या असा सगळा चार्ज दिला. साचलेले किस्से तेवढे कुणी घेतले नाहीत! बायको गेल्यापासून ते मीच सांगतो, मीच हसतो.

एकदा बेळगावहून मोठे साहेब तपासणीला आले. "वा! मुलं किती शांत!" आमचे डॉक्टर म्हणाले, "सर, रडायला ताकद लागते. रडली की कळवतो."

माझ्याच गावची, बोरगावची पारू, दीड वर्षाच्या गौरीला घेऊन आली. दोन दिवसांत गौरीचं वजन वाढलं. मी रजिस्टरात लिहिलं, 'प्रगती समाधानकारक'. आमच्या सिस्टर, म्हणजे आक्का, यांनी गौरीच्या पावलावर अंगठा दाबून उचलला. खड्डा तसाच! "अण्णा, ही प्रगती न्हाय, सूज हाय. असलीच पोरं हातची जात्यात."

गौरीचं अंग गार पडायचं. ब्लँकेट मागितलं, तर स्टोअरकीपर म्हणाला, "जुनं फाटकं जमा करा, मग नवं." वॉर्डात जुनं नव्हतंच! आक्कांनी घरची वाकळ आणली. "ही फाटकी न्हाय," तो म्हणाला. आक्कांनी त्याच्यासमोर टराटरा फाडली.

पाचव्या दिवशी पारूचे सासरे अर्ज घेऊन आले. "घरात लग्न हाय. सून, नात घरी पायजेत."

डॉक्टर मीटिंगला गेलेले. आक्का म्हणाल्या, "आप्पा, सूज हाय, जुलाब हायत, घास घेईना. आत्ता नेली तर पोरगी जगत न्हाय."

"घरात चार बायका हायत. बघत्यात!"

पारू खाली मान घालून उभी. मी अर्ज वाचला. मराठीत होता. ज्या शेऱ्यानं जन्मभर माझे अर्ज परत आले, तो पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं लिहिला: 'कन्नड प्रत जोडावी.'

"मराठी माणूस असून असं करतोस व्हय रं?"

"नियम हाय, आप्पा."

ते शिव्या देत गेले. बोरगावात तेव्हापासून माझा नमस्कार कुणी घेत नाही. लग्न पार पडलं. गौरीची सूज उतरली, ती वाटी चाटूनपुसून खाऊ लागली आणि डॉक्टरांनी तिला रीतसर घरी सोडलं.

सदर अर्ज कन्नड प्रतीअभावी अद्याप प्रलंबित आहे.